सासणे मळा ते मगरपट्टा : साथ आली हे मजुराला कोणी सांगायचं?

दरवर्षी १० मार्चला आपण सावित्रीमाईंचा स्मृतिदिन करतो. भाषणं होतात, फोटोला हार घातला जातो. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या सासणे मळ्यातल्या दवाखान्याकडे निघालेल्या माईंचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. तो दवाखाना त्यांचा मुलगा डॉ. यशवंत चालवत होता. लष्करातली नोकरी, तिथून तो आईच्या हाकेला आला होता. त्या मुलाला वाचवता वाचवता माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ च्या रात्री त्या गेल्या. हे आपल्याला इतकं पाठ आहे की पुढचा प्रश्न विचारायचं राहूनच जातं.

पुढचा प्रश्न असा. मुंढव्याच्या त्या वस्तीतल्या माणसांना प्लेग दाराशी आलाय हे सांगण्याची जबाबदारी कोणाची होती? ती माणसं कोणाच्या तरी कामावर जातच होती. मुंढव्यात तेव्हा कागद गिरणी उभी राहिलेली होती, मुठा कालव्याच्या पाण्यावर बागायत होती, अलीकडे लष्कराची छावणी होती, शिवाय गावकी होतीच. मुंबईत प्लेग असल्याचं सप्टेंबर १८९६ पासून वर्तमानपत्रांत छापून येत होतं. म्हणजे ज्यांना वाचता येत होतं, ज्यांचा मुंबईशी व्यापार होता, ज्यांच्याकडे तार येत होती, त्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या अंगावर साथ येणार होती त्यांना वाचता येत नव्हतं. का येत नव्हतं, ते माई आणि जोतिबांनी आयुष्यभर सांगितलं. ज्ञानाची बंदी पोथीपुरती नव्हती. 'जिथे तू कामाला जातोस तिथे मरण आहे' एवढी साधी बातमीसुद्धा वरच्याच मजल्यावर अडकत होती.

आम्ही हा लेख माईंच्या त्यागावर लिहीत नाही. त्यावर खूप लिहून झालं आहे. काम देणाऱ्याने कामगाराला साथीच्या रोगाची खबर देणं हे त्याचं कर्तव्य आहे की मेहेरबानी, हा प्रश्न आम्हाला मांडायचा आहे. त्याचा इतिहास हडपसरच्या याच मातीत सुरू होतो आणि आज मगरपट्ट्याच्या गेटवर येऊन थांबतो. मुंढव्याहून हडपसरला जायचं तर आज मगरपट्टा रोडनेच जावं लागतं. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत आणि सकाळी सातला त्यांच्या मागच्या दारांतून आत जाणाऱ्या बायका वैदूवाडी, रामटेकडी अशा वस्त्यांतून आलेल्या असतात.

आधी मुंबईत काय झालं ते पाहू, कारण पुण्याचा प्लेग तिथूनच आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, बंदर आणि हमाल. गोदामांत उंदीर मरून पडत होते. उंदराच्या पिसवांतून प्लेग माणसात येतो हे तेव्हा शास्त्रालाही कळलेलं नव्हतं. पॉल सिमाँने ते मांडलं १८९८ मध्ये आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे 'गोदामवाल्यांनी पिसवांबद्दल का सांगितलं नाही' असा प्रश्न आम्ही विचारत नाही, तो अन्यायाचा होईल. पण उंदीर मरताहेत, माणसं तापाने फणफणून दोन-चार दिवसांत जाताहेत, एवढं डोळ्यांना दिसत होतं. तरीही सुरुवातीला सरकारी भाषेत त्याला 'संशयास्पद ताप' म्हटलं गेलं. प्लेग हे नाव उच्चारलं की युरोपातली बंदरं मुंबईच्या मालाला दारं बंद करतील, ही भीती होती. पुढे १८९७ च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली तीही याच बंदोबस्ताच्या चर्चेसाठी. मालाची इतकी चिंता होती. माल पाठीवर वाहणाऱ्याची चिंता करायला कुठलीच परिषद भरली नाही.

६ ऑक्टोबरला मुंबई महापालिकेने सक्तीचे नियम काढले. रुग्णाला उचलून इस्पितळात नेणं, घरं धुणं, सामान जाळणं. हे सगळं कशासाठी चाललंय हे गिरणगावातल्या माणसाला कोणी नीट समजावलं नाही. मग मोकळ्या जागेत अफवा शिरली, की इस्पितळात नेतात ते मारायलाच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इतिहासाच्या पुस्तकांत याला अडाणी जमावाचा हल्ला म्हणतात. आम्ही म्हणतो, ज्याला खरी माहिती द्यायची नाही त्याने खोटीवर विश्वास ठेवला म्हणून त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क कोणाला आहे?

त्यानंतर नियम सैल झाले. त्यामागे आणखी एक धास्ती होती, ती आपण लक्षात ठेवली पाहिजे. महापालिकेचे आयुक्त स्नो यांना भीती होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं. म्हणजे मैला उचलणाऱ्या माणसावर हे शहर उभं आहे, याची प्रशासनाला पूर्ण जाणीव होती. त्या जाणिवेतून काय निघालं? त्यांना धोक्याची माहिती द्यावी, संरक्षण द्यावं, हे निघालं नाही. ते पळून जाऊ नयेत एवढंच निघालं. गिरण्यांतही तेच. लाखो लोक मुंबई सोडून कोकणात, घाटावर निघाले तेव्हा मालकांनी मजूर टिकवायला रोजच्या रोज पैसे मोजायला सुरुवात केली. एरवी महिन्याचा पगार महिना-महिना अडवून ठेवणारे मालक एकाएकी रोख झाले. मरणाची किंमत वाढवून दिली, पण मरणाची बातमी दिली नाही.

आणि इथेच नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव घ्यावं लागतं. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, भारतातल्या कामगार चळवळीचा पाया घालणारा माणूस. स्वतः मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिलं. त्यातल्या मागण्या आठवा. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर उदरनिर्वाहाची सोय. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती आज आपण सगळे उपभोगतो, आयटीवालेसुद्धा.

पण शेवटची मागणी बारकाईने वाचली पाहिजे. कामाच्या जागी शरीराचं जे नुकसान होतं त्याची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व एका सत्यशोधकाने १८८४ मध्ये मांडलं. सरकारने ते कायद्यात आणायला १९२३ उजाडलं. मागणीत शब्द होता जखमेचा, आजाराचा नव्हता. बारा वर्षांनी प्लेग आला तेव्हा ही फट उघडी पडली. पट्ट्यात हात सापडला तर मालक निदान वादापुरता तरी जबाबदार. शेजारच्या साच्यावरचा माणूस तापाने कोसळला तर ते नशीब. लोखंडे त्या साथीत मुंबईतच राहिले, रुग्णांच्या सेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. बरोबर महिन्याभराने हडपसरला सावित्रीमाई गेल्या. एका महिन्यात सत्यशोधक समाजाने दोन माणसं प्लेगला दिली. आपल्याकडे या दोन मृत्यूंना एकत्र ठेवून कोणी पाहत नाही. एकाला कामगार इतिहासात ढकलतात, दुसऱ्याला स्त्री शिक्षणात.

पाठ्यपुस्तकात मग १८९७ चा पुण्याचा प्लेग कसा येतो? रँड येतो, गोरे सोजीर घराघरांत घुसतात, चापेकर बंधू येतात, २२ जूनची रात्र येते. सैनिक प्लेगच्या कामावर नेमले गेले ते १२ मार्चला. माईंना जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. म्हणजे सरकार जागं होण्याच्या आधी हडपसरच्या माळावर एक दवाखाना चालू होता, आणि त्यात महारवाड्यातलं पोर आणलं जात होतं. त्या दवाखान्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन ओळी मिळतात. सोजिरांनी अत्याचार केले यात शंका नाही. टिळकांनी पुण्यात राहून हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं हेही आम्ही नाकारत नाही. पण त्या काळच्या सगळ्या गदारोळात सोवळं, देवघर, घरातल्या बायकांची अब्रू यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी साथीत कामावर जावं लागणाऱ्याच्या जिवावर झाली नाही. ज्यांना शक्य होतं ते पुणं सोडून गेले. ज्यांना त्या दिवशीच्या भाकरीसाठी कामावर जावंच लागत होतं, ते राहिले.

कायदा काय करत होता? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. म्हणजे लोखंडे जाण्याच्या पाच दिवस आधी. अवघ्या चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, रेल्वेत तपासणी करता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. संपलं. यात रुग्ण आहे, अधिकारी आहे, शिक्षा आहे. मालक हा शब्दच नाही. काम देणाऱ्याने काम करणाऱ्याला साथीची माहिती द्यावी, धोका असेल तिथून त्याला हलवावं, त्या दिवसांची मजुरी द्यावी, यातलं एकही वाक्य त्यात नाही. सव्वाशे वर्षांनी हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, ते पुढे सांगतो.

कोणी म्हणेल, १८९७ मध्ये अशी कल्पना तरी कुठे होती? म्हणून आम्ही तुम्हाला गावाकडे नेतो. मेलेलं ढोर ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलं होतं, त्यांचा मालक कोण होता? सगळा गाव. काम सगळ्या गावाचं, जबाबदारी कोणाचीच नाही. ढोर कशाने मेलं हे त्याच्या धन्याला माहीत असायचं. चार दिवस आधी ते चारा सोडून बसलेलं त्याने पाहिलेलं असायचं. पण ओढायला येणाऱ्याला ते सांगायचं, असा रिवाज नव्हता. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, जनावराच्या रक्त-कातड्यातून माणसाला होतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्या कामगाराचा अँथ्रॅक्स धंद्यातून येणारा रोग म्हणून मान्य केला. विरोधाभास बघा. तेच कातडं कारखान्यात पोचलं की त्यातला रोग कायद्याला दिसतो. गावकुसाबाहेर ते सोलणाऱ्याच्या अंगातला तोच रोग दिसत नाही, कारण तिथे मालक नाही, करार नाही, पगार नाही, बलुतं आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हा तो स्वाभिमानाचा प्रश्न होताच. पण त्याचबरोबर ती भारतातली एक मोठी आरोग्याची चळवळही होती, असं आम्हाला वाटतं. आणि १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध त्यांनी मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं ते याच मुळावर घाव घालणारं होतं : कामाचं स्वरूप ठरवा, मोबदला ठरवा, तो कोण देणार ते ठरवा. जिथे काम देणारा ओळखता येतो तिथेच त्याची जबाबदारी ठरवता येते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाबद्दल एवढंच सांगतो. तो मुंबईत जूनमध्ये शिरला तो कामाच्या जागांमधूनच : आधी गोदीवरचे पोलीस शिपाई, मग जहाज कंपन्या, पोर्ट ट्रस्ट, बँका, गिरण्या. आणि त्या वर्षी मुंबईत दर हजारी मृत्यू किती? युरोपियनांत ८.३. सवर्ण हिंदूंत १८.९. खालच्या समजल्या गेलेल्या जातींत ६१.६. विषाणू जात पाहत नाही, असं २०२० मध्ये टीव्हीवर वारंवार ऐकवलं गेलं. विषाणू पाहत नसेल. खोली पाहते, काम पाहतं, पोट पाहतं.

बाबासाहेबांनी कामगाराच्या हक्काचा विचार कुठल्या पातळीवर नेला ते १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाच्या वेळी दिसतं. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं, आणि त्याला गुलामगिरी म्हणतात, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप याच मुद्द्यावर झाला. आता हे तत्त्व साथीला लावून पहा. धोका माहीत नसताना कामावर जाणारा माणूस स्वखुशीने गेला असं म्हणता येईल का? त्याची संमती फसवून घेतलेली असते. आणि ज्याला माहीत आहे पण काम सोडता येत नाही, त्याचं काय? पंजाबच्या १९११ च्या आणि संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यांत झाडूवाल्याने घराची सफाई सोडून दिली तर त्याला दंड होता.  साथ असो वा नसो, भंग्याने हजर राहायचं, हा कायदाच होता.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्रिपक्षीय कामगार परिषद, आठवड्याचे तास ४८ वर आणणं हे आपण सांगतोच. प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला १९४३ मध्ये नेमलं गेलं तेही याच काळात, याच खात्यातून. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. ईएसआयचं कार्ड खिशात असणाऱ्या आपल्या किती पोरांना हे माहीत आहे? या कायद्याने आजारी पडलेल्या कामगाराला रजेत पगाराचा मोठा भाग दिला, क्षयासारख्या लांबणाऱ्या रोगांना जास्त मुदत दिली. आणि त्यातलं ७३ वं कलम असं, की आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने कामगाराला काढता कामा नये. साथीत हे कलम औषधाइतकं महत्त्वाचं आहे. ताप लपवून कामावर येणारा माणूस बेजबाबदार नसतो, तो नोकरी जाण्याला घाबरलेला असतो. ती भीती काढली की तो स्वतःहून सांगतो आणि शेजारच्याचा जीव वाचतो. विलगीकरणाच्या नियमांपेक्षा आजारपणाचा पगार जास्त जीव वाचवतो, असं आमचं ठाम मत आहे.

मात्र त्या कायद्यानेही मालकावर 'सांगण्याचं' बंधन घातलं नाही. ते पहिल्यांदा आलं १९८७ मध्ये, भोपाळ झाल्यावर. हजारो माणसं मेल्यावर कारखाने कायद्यात ४१-ब कलम घातलं गेलं : धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने आरोग्याला असलेले धोके कामगारांना, आजूबाजूच्या लोकांना न विचारता सांगितलेच पाहिजेत. हे फार मोठं पाऊल होतं. पण ते रसायनांपुरतं राहिलं. वायू गळेल तर सांगा; जंतू पसरले तर सांगण्याची सक्ती नाही.

मग आला मार्च २०२०. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्चला. माईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच शहरात. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. तीच चार कलमं. केंद्राने पुढे त्यात दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यापुरती. ती योग्यच होती, पण कामगार त्यात याही वेळी आला नाही.

एक गोष्ट मात्र त्या एप्रिलमध्ये घडली, ती विसरू नये. १५ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने कारखाने चालू करण्याच्या सूचना काढल्या : तापमान तपासा, अंतर ठेवा, कामगारांचा वैद्यकीय विमा करा. उद्योगपतींत घबराट पसरली, की कारखान्यात एखादा कामगार बाधित सापडला तर मालकाला तुरुंगात टाकतील, कारखान्याला तीन महिने सील ठोकतील. आणि आठवड्याभरात, २३ एप्रिलला, मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून खुलासा केला की असं काहीही नाही, ही भीती अनाठायी आहे. मालकांची भीती आठ दिवसांत दूर झाली. २९ मार्चला 'टाळेबंदीत पूर्ण पगार द्या' असा जो आदेश निघाला होता, तो मेच्या मध्यापर्यंत मागे घेतला गेला. त्या दिवसांत सोलापूर रोडने डोक्यावर बोचकं घेऊन चाललेली माणसं हडपसरने पाहिली आहेत. त्यांच्या भीतीवर खुलाशाचं पत्र कोणी काढलं नाही.

हडपसर भागातल्या मोठ्या सोसायट्यांत तेव्हा माहितीचा प्रवाह कुठल्या दिशेने वाहत होता, ते सांगतो, कारण घरकाम करणाऱ्या आमच्या माय-बहिणींकडून आम्ही ते ऐकलं आहे. कामवालीने डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. तिच्या वस्तीत रुग्ण असेल तर तिने गेटवर सांगायचं. तिचं कपाळ बंदुकीसारख्या यंत्राने मोजायचं. लिफ्ट वेगळी, तिची आधीपासून वेगळी होतीच. पण ज्या घरात ती भांडी घासायला जाते त्या घरात कोणी बाधित आहे का, हे तिला सांगायचं बंधन कोणावरही नव्हतं. साहेब बेडरूममध्ये विलगीकरणात आणि बाई मोरीत त्यांचंच ताट घासतेय, असे प्रकार घडले. आठवड्याने ती तापाने पडली की बोट कोणाकडे? तिच्या वस्तीकडे. सोवळ्याची ही जुनी युक्ती आहे : घाण निर्माण करणारा शुद्ध, ती उचलणारा अशुद्ध. फक्त 'विटाळ' या शब्दाच्या जागी 'इन्फेक्शन' आला.

कचरा वेचणाऱ्या बायकांचं तेच. पुण्यात घरोघरचा कचरा उचलण्याचं मोठं काम 'स्वच्छ' या वेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. त्यात बहुसंख्य बायका दलित आहेत. विलगीकरणातल्या घराचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश होते. निर्देश घराला होता, पण अंमल घरमालकाच्या मर्जीवर. वापरलेले मास्क ओल्या कचऱ्यात मिसळून आले तर वेचणारीला ते हात घातल्यावरच कळणार. जगाला लस पुरवणारा कारखाना याच हडपसरात आहे. लस आली तेव्हा सफाई कामगारांना फ्रंटलाइन म्हणून लवकर मिळाली, ते चांगलं झालं. घरकामगार बाई मात्र वयाच्या रांगेतच उभी राहिली. साहेबांच्या घराच्या आत जाणारी ती, पण फ्रंटलाइन नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सांगायचं म्हणजे कोणाचं नाव सांगायचं का? आजाऱ्याचं नाव फुटलं की त्याचं काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार? आपल्या वस्तीतल्या माणसाला क्षय झाला तर 'हे लोक असेच' म्हणायला जग टपलेलं असतं. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो : धोका सांगा, माणूस सांगू नका. 'या मजल्यावर लागण झाली आहे, अमुक तारखेला इथे असलेल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्या, त्या दिवसांचा पगार मिळेल', एवढं पुरतं. आपल्या कायद्यात याचा नमुना आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची ओळख उघड करण्यास मनाई केली आणि त्याच कायद्याने लागणीचा धोका असलेल्या कामाच्या जागी संरक्षणाची साधनं देणं, ती वापरायचं शिक्षण देणं बंधनकारक केलं. गुप्तता आणि सुरक्षितता एकाच कायद्यात बसू शकतात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही करोना रुग्णांच्या घरांवर असे फलक सरसकट लावू नयेत असं सांगितलं. दारावर कागद चिकटवणं ही माहिती नव्हे, तो डाग आहे.

क्षयाचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. म्हणजे खबर वर जाते. त्याच बंद शेडमध्ये आठ-आठ तास शेजारी बसून शिवणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या बाईपर्यंत खाली ती येण्याची मालकामार्फत कुठलीही पक्की वाट नाही.

आता आजचा कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल आपले आक्षेप बरेच आहेत. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू होतात, आधी हा आकडा वीस होता. कारखान्याची व्याख्याही वर सरकवली आहे. रामटेकडीतलं पंधरा माणसांचं वर्कशॉप यातून सुटणार. घरकामगाराचं काम ज्या घरात चालतं ते घर तर या संहितेच्या दृष्टीने कामाची जागाच नाही. तरीही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत एक १४ वं कलम आहे : कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दल आणि आरोग्याबद्दल मालकाकडून माहिती मिळवण्याचा कामगाराला हक्क आहे, आणि गंभीर धोका समोर आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालता येतो.

या कलमातली मेख ओळखा. हक्क 'मिळवण्याचा' आहे. म्हणजे विचारायचं कामगाराने. पण ज्याला साथ आल्याचंच माहीत नाही तो विचारणार काय? मुंढव्याच्या वस्तीने १८९७ च्या फेब्रुवारीत कोणाला जाऊन काय विचारायचं होतं? हक्क विचारणाऱ्याचा आणि कर्तव्य सांगणाऱ्याचं, यातलं दुसरं अजून मिळायचं आहे. रसायनांसाठी जे १९८७ मध्ये मिळालं ते जंतूंसाठी मागणं, ही चळवळीची मागणी व्हायला हवी असं आम्हाला वाटतं, आणि ती मागताना घरकामगार आणि कंत्राटी सफाई कामगार पहिल्या ओळीत पाहिजेत, शेवटच्या नाही.

तोवर हातात आहे ते वापरायचं. १४ व्या कलमाचा अर्ज एकट्याने देऊ नका, कारण एकट्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात. दहा-वीस सह्यांनी द्या, पोच घ्या, प्रत निरीक्षकाला पाठवा. अर्जात तीनच प्रश्न पुरेत : गेल्या महिन्यात इथे कुठल्या संसर्गजन्य रोगाची लागण झाली आहे का, तुम्ही काय उपाय केले, आजारी रजेचा पगार कोण देणार. उत्तरात कोणाचंही नाव नको असं स्वतःहून लिहा. कंत्राटी असाल तर अर्ज ठेकेदाराला आणि मूळ मालकाला, दोघांनाही. ईएसआयची वर्गणी पगारातून कापली जाते पण नंबर मिळालेला नाही, असं असेल तर ते आधी निस्तरा, साथ यायची वाट पाहू नका. आणि कोणी कामावरून लागण होऊन गेला किंवा अधू झाला, तर नुकसानभरपाईच्या परिशिष्टात धंद्याच्या रोगांची जी यादी आहे तिच्यात रुग्णालय, प्रयोगशाळा, जनावरांचं कातडं-मढं, आणि 'लागणीचा विशेष धोका असलेलं इतर काम' अशी नोंद आहे. मैला, गटार, रुग्णालयाचा कचरा हे या शेवटच्या शब्दांत बसतं, असा दावा करता येतो. त्यासाठी हजेरीचा कागद लागतो. सफाईच्या ठेक्यांवर हजेरीचं कार्डच देत नाहीत. तेव्हा रोज सकाळी मुकादमाच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवणं, हे काम वस्तीतल्या शिकलेल्या एखाद्या पोराने आजपासून अंगावर घ्यावं.